रोलर चेनच्या कड्या किती घ्यायच्या? स्प्रॉकेट ड्राइव्हची चेन ठरवण्याची पद्धत

चेन तुटली किंवा नवी मशीन उभी राहिली की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत दिसते. दोन्ही स्प्रॉकेटवरून (दातेरी चाकांवरून) सुतळी किंवा टेप फिरवायची, आलेलं माप दुकानात सांगायचं आणि तेवढी चेन तोडून आणायची. ती बसत नाही. मग हाफ लिंक (विषम संख्या जुळवणारी वाकडी कडी) टाका, पहारीने मोटर ओढा, नाहीतर चेन लोंबत ठेवून चालवा, असे उपाय सुरू होतात. चार महिन्यांत गिअरबॉक्सचं ऑइल सील गळायला लागतं किंवा स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकतात, आणि दोष चेनच्या कंपनीला दिला जातो.

चूक नुसती मोजण्यातली नसते, क्रमातली असते. चेनची लांबी मिलिमीटरमध्ये ठरत नाही. ती कड्यांच्या पूर्ण आणि सम संख्येत ठरते. ती संख्या आधी पक्की करायची आणि मग दोन शाफ्टमधलं अंतर त्या संख्येला जुळवायचं. उलटं केलंत, म्हणजे मोटर जिथे उभी आहे तिथे धरून चेन बसवायला गेलात, तर नेमकी बसणारी चेन मिळणं हा निव्वळ योगायोग ठरेल.

खालची सगळी पद्धत एकाच उदाहरणावर दाखवली आहे. धान्य सफाईच्या मशीनमधला पट्टा कन्व्हेयर, त्याच्या हेड शाफ्टला (पट्टा ओढणाऱ्या शाफ्टला) गिअर मोटरवरून चेन, आणि मोटरचा बेस स्लॉटमध्ये पुढे-मागे सरकणारा. चेन १०बी, लहान स्प्रॉकेट १७ दातांचं, मोठं ३८ दातांचं. तुमचे आकडे वेगळे असतील, पायऱ्या याच राहतील.

सुरू करण्याआधी

व्हर्निअर, स्टीलची पट्टी किंवा चांगला टेप, खडू, लांब सरळ पट्टी आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर लागेल. मोबाइलमधला चालतो. चेन तोडायला चेन ब्रेकर किंवा पंच, अँगल ग्राइंडर आणि डोळ्यांवर चष्मा.

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. कन्व्हेयर चढाचा असेल तर पट्ट्यावरचा माल आधी उतरवा. चेन सुटली की भरलेला पट्टा उलटा धावतो, आणि त्या वेळी हात स्प्रॉकेटजवळच असतो.

टप्पा १: चेनचा नंबर आणि पिच पक्का करा

पिच म्हणजे एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर. नंबर बहुतेक वेळा कडीच्या पट्टीवर कोरलेला असतो. आयएसओ ६०६ प्रमाणे नंबरातले पहिले दोन अंक पिच दाखवतात, इंचाच्या सोळाव्या भागांत:

०८ म्हणजे १२.७ मिमी
१० म्हणजे १५.८७५ मिमी
१२ म्हणजे १९.०५ मिमी
१६ म्हणजे २५.४ मिमी

अमेरिकन पद्धतीत याच पिचना ४०, ५०, ६० आणि ८० म्हणतात. तिथे पहिला अंक इंचाचे आठवे भाग दाखवतो.

नंबर पुसला गेला असेल तर एकच पिच मोजू नका. दहा पिच मोजा आणि दहाने भागा. पिनचा मध्य डोळ्यांनी धरण्यापेक्षा एका पिनच्या डाव्या कडेपासून अकराव्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की माप नेमकं येतं. जुनी चेन झिजून लांबलेली असते, त्यामुळे उत्तर प्रमाण मापापेक्षा थोडं जास्तच येईल. १६.१ आलं तर ती १५.८७५ चीच आहे.

पिच जुळली म्हणजे चेन जुळली असं मात्र नाही. ०८ए आणि ०८बी दोन्हींची पिच १२.७, पण ०८ए चा रोलर (दातांत बसणारी गोल नळी) ७.९२ मिमी आणि ०८बी चा ८.५१ मिमी. ए साठी कापलेल्या दातांत बी चा जाड रोलर तळापर्यंत बसत नाही, वर तरंगतो. १०ए आणि १०बी चे रोलर एकाच मापाचे, १०.१६ मिमी, पण आतली रुंदी ९.४० आणि ९.६५ मिमी. म्हणून दुकानात नुसतं ‘पाच सुताची चेन’ म्हणू नका, ए की बी तेही सांगा. स्प्रॉकेट बदलणार नसाल तर आधी रोलरचा व्यास व्हर्निअरने घ्या.

*तपासा:* जुन्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेत का? झाले असतील तर पुढचं गणित नव्या स्प्रॉकेटसाठी करा. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की तीही लवकर लांबते.

टप्पा २: दात मोजा

एका दाताला खडूची खूण करा, तिथून सुरू करून तिथेच परत या. दोनदा मोजा. स्प्रॉकेटवरच्या शिक्क्यावर विसंबू नका. हब बदललेली, कापून पुन्हा वेल्ड केलेली स्प्रॉकेट सर्रास सापडतात.

उलट तपासणी हवी असेल तर व्यासावरून करता येते. दाताच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचा बाहेरचा व्यास १७ दातांच्या १०बी स्प्रॉकेटला साधारण ९४ मिमी आणि ३८ दातांच्या स्प्रॉकेटला साधारण २०१ मिमी येतो. चेनचा रोलर ज्या वर्तुळावर बसतो, ते पिच वर्तुळ, त्याहून लहान असतं: १७ ला ८६.४ आणि ३८ ला १९२.२ मिमी.

सुतळीची पद्धत का फसते ते या दोन आकड्यांतच आहे. सुतळी दातांच्या टोकांवरून जाते, चेन पिच वर्तुळावरून. आपल्या उदाहरणात एवढ्यानेच सुमारे २६ मिमी जास्त येतात. म्हणजे दीड कडीहून जास्त चूक, तीही टेप अगदी नीट धरला असताना.

टप्पा ३: सेंटर अंतर घ्या, पण दोन

इथेच सगळ्यात जास्त काम बिघडतं. मोटर योगायोगाने जिथे उभी असते तिथलं सेंटर (दोन शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर) मोजलं जातं. तसं करू नका. मोटरचा बेस स्लॉटच्या आतल्या टोकाला, म्हणजे हेड शाफ्टच्या जास्तीत जास्त जवळ, नेऊन एक माप घ्या. मग बाहेरच्या टोकाला नेऊन दुसरं.

शाफ्टच्या मध्यावर टेप धरून अंदाज करण्याऐवजी दोन शाफ्टमधली मोकळी जागा मोजा आणि दोन्ही शाफ्टचे निम्मे व्यास मिळवा. मोटरचा शाफ्ट ३० मिमी, हेड शाफ्ट ४० मिमी आणि मधली जागा ४६० मिमी असेल, तर सेंटर ४६० + १५ + २० = ४९५ मिमी. हेच माप स्प्रॉकेटच्या दोन्ही बाजूंना, शाफ्टवर शक्य तितकं लांब जाऊन घ्या. दोन्हीकडे सारखं आलं नाही तर शाफ्ट समांतर नाहीत. ते आधी सरळ करा, नाहीतर चेन एका पट्टीवर घासत चालेल.

आपल्या उदाहरणात आतलं टोक ४९५ मिमी आणि बाहेरचं ५३० मिमी. म्हणजे मोटरला ३५ मिमीची चाल आहे. चालू मशीनमध्ये मोटर सध्या ५०० वर उभी आहे असं धरू.

*तपासा:* सेंटर पिचच्या ३० ते ५० पट असणं चांगलं. ४९५ भागिले १५.८७५ म्हणजे ३१.२, ठीक आहे. ८० पटीच्या वर गेलं तर मध्ये आधार लागतो. अंतर फारच कमी असेल तर लहान स्प्रॉकेटवर चेन पुरेशी गुंडाळली जात नाही. निदान १२० अंशांची गुंडाळणी हवी. ती मिळते की नाही हे ओळखणं सोपं आहे: सेंटर अंतर दोन पिच वर्तुळांच्या व्यासांतल्या फरकाइतकं किंवा जास्त असलं पाहिजे. इथे फरक १०६ मिमीच्या आसपास, त्यामुळे चिंता नाही.

टप्पा ४: कड्यांचं गणित

सेंटर अंतर आधी पिचमध्ये बदलून घ्या. त्याला ‘अं’ म्हणू.

अं = सेंटर अंतर ÷ पिच

फ = (मोठे दात − लहान दात)² ÷ ३९.४८

कड्या = २ × अं + (मोठे दात + लहान दात) ÷ २ + फ ÷ अं

पहिला भाग म्हणजे चेनच्या दोन सरळ बाजू. दुसरा म्हणजे दोन्ही स्प्रॉकेटवर गुंडाळलेल्या कड्या, दातांच्या निम्म्या. तिसरा लहानसा भाग स्प्रॉकेट लहान-मोठी असल्याने चेन तिरकी जाते त्याचा. स्प्रॉकेट सारखी असतील तर तो शून्य होतो. (३९.४८ हा आकडा ‘पाय’च्या वर्गाच्या चौपटीतून येतो, तो तसाच वापरा.)

आता उदाहरण, आतल्या टोकाचं, ४९५ मिमी:

अं = ४९५ ÷ १५.८७५ = ३१.१८
फ = (३८ − १७)² ÷ ३९.४८ = ४४१ ÷ ३९.४८ = ११.१७
कड्या = ६२.३६ + २७.५ + ०.३६ = ९०.२२

हे सूत्र नेहमीच्या ड्राइव्हला पुरेसं नेमकं आहे. मोठ्या आणि लहान दातांचं प्रमाण सहा-सातपट असेल आणि शाफ्ट अगदी जवळ असतील, तेव्हा चेन कंपनीच्या कॅटलॉगमधल्या तक्त्याने ताळा घ्या.

सावधान: सूत्रात मिमी आणि पिच मिसळू नका. ‘२ × अं’च्या जागी २ × ४९५ टाकून हजारावर कड्या आल्या की चूक लगेच कळते. पण पिच १५.८७५ ऐवजी १५.९ किंवा १६ धरली तर उत्तर जवळपासच येतं आणि चूक लपते. १६ धरून इथे ८९.७ येतं, आणि मग तुम्ही ९० वर थांबता.

टप्पा ५: पुढच्या सम संख्येवर जा

रोलर चेनमध्ये आतली कडी आणि बाहेरची कडी आलटून पालटून येतात. दोन्ही मोजायच्या, प्रत्येक एक पिच. टोकं जुळायची तर आतलीला बाहेरचीच मिळायला हवी, म्हणून एकूण संख्या सम. विषम संख्या जुळवायला हाफ लिंक मिळते, मधोमध वाकवलेल्या पट्ट्यांची. वाकवलेली पट्टी सरळ पट्टीइतकी ताकदीची नसते, आणि चेन तुटली की बऱ्याचदा तिथेच तुटते. मोटर सरकवायची सोय असताना हाफ लिंक टाकणं मला पटत नाही. ती फक्त अडलेल्या दिवसापुरती.

आतल्या टोकाचं उत्तर ९०.२२ आलं, तर पुढची सम संख्या ९२. नेहमी वर जायचं, खाली नाही.

खाली गेलं तर काय होतं ते इथे मोजून दाखवता येतं. मोटर ५०० वर उभी असताना सूत्राने ९०.८५ येतं. कुणी म्हणेल, ९० जवळ आहे, तेवढीच घेऊ, मोटर थोडी आत घेऊ. पण मोटर अगदी आतल्या टोकाला नेली तरी चेनला ९०.२२ कड्या लागतात. ९० कड्यांची चेन टोकं जुळताना साधारण साडेतीन मिमीने कमी पडेल. मग चेन पुलर लावून, पहारीने ताणून लॉक (दोन टोकं जोडणारी कडी) घातलं जातं. असा ताण मशीन बंद असतानाही बेअरिंगवर राहतो.

इथेच दुसरी एक गोष्ट सांभाळली जाते. चेन सम असल्याने लहान स्प्रॉकेटचे दात विषम असणं बरं: १७, १९, २१, २३. सम चेन आणि सम दात असतील तर ठराविक दात कायम आतल्या कडीलाच आणि ठराविक दात कायम बाहेरच्या कडीलाच भेटतात, आणि झीज एकाआड एक होते. नवी मशीन बनवत असाल तर १६ किंवा १८ ऐवजी १७ किंवा १९ घ्या.

टप्पा ६: उलटं गणित, मोटर कुठे बसेल?

बहुतेक जण ९२ वर थांबतात आणि चेन आणायला जातात. आणखी एक पायरी आहे, आणि तीच सगळ्यात जास्त वाचवते. ९२ कड्यांना सेंटर नेमकं किती हवं ते काढा.

म = कड्या − (दातांची बेरीज ÷ २)

अं = (म + √(म² − ८ × फ)) ÷ ४

सेंटर = अं × पिच

म = ९२ − २७.५ = ६४.५
म² = ४१६०.२५, त्यातून ८ × ११.१७ = ८९.३६ वजा केले, ४०७०.८९
वर्गमूळ ६३.८०
अं = (६४.५ + ६३.८०) ÷ ४ = ३२.०८
सेंटर = ५०९.२ मिमी

म्हणजे मोटर ५०० वरून ९.२ मिमी बाहेर न्यायची. आत ४९५ पर्यंत १४ मिमी मोकळी, तेवढ्यात चेन आरामात जोडता येते. बाहेर ५३० पर्यंत जवळजवळ २१ मिमी मोकळी.

बाहेरची ही चाल चेन झिजून लांबेल त्यासाठी हवी. ९२ कड्यांची १०बी चेन १४६०.५ मिमी लांब असते. दोन टक्के लांबली तर २९ मिमी, आणि चेनच्या दोन बाजू असल्याने मोटरला त्याच्या निम्मं, साधारण १४.६ मिमी, बाहेर जावं लागतं. आपल्याकडे २१ आहेत. पुरतात.

*तपासा:* बाहेरची चाल अपुरी निघाली तर आता, चेन विकत घेण्याआधीच, बेसचे स्लॉट वाढवा किंवा ढिल्या बाजूला आयडलरची (चेन ताणून धरणाऱ्या मोकळ्या स्प्रॉकेटची) सोय करा. दोन कड्या कमी-जास्त केल्या की सेंटर साधारण एका पिचने बदलतं, १०बी ला १६ मिमीने. म्हणून ज्या स्लॉटची चाल दीड पिचपेक्षा कमी आहे तिथे कधी ना कधी अडचण येणारच.

टप्पा ७: चेन तोडा, नेमक्या जागी

मोजताना लॉक विसरू नका. लॉकची कडी ही बाहेरची कडी आहे आणि तीही एक पिच मोजली जाते. ९२ कड्यांची बंद चेन हवी तर तोडलेला तुकडा ९१ कड्यांचा, दोन्ही टोकांना आतल्या कड्या असलेला. त्यात ४६ आतल्या, ४५ बाहेरच्या, आणि लॉक ही शेहेचाळिसावी बाहेरची. तुकडा ९२ चा केला तर एका टोकाला बाहेरची कडी येते आणि लॉक बसतच नाही. दुकानदाराला ‘लॉकसह ९२’ असं स्पष्ट सांगा.

दहा फुटांच्या पेटीत १०बी च्या १९२ कड्या असतात, ०८ च्या २४०, १२ च्या १६०, १६ च्या १२०. पेटीतून दोन ड्राइव्ह काढायचे असतील तर लक्षात ठेवा, प्रत्येक वेळी तोडताना एक बाहेरची कडी वाया जाते.

तोडायची पद्धत:

१. तुकड्याची पहिली कडी आतली आहे ना ते बघा. तिथपासून ९१ मोजा, दर दहा कड्यांना खडूची रेघ ओढा. ९१ वी आतलीच येईल. तिच्या पुढची बाहेरची कडी तोडायची.

२. त्या बाहेरच्या कडीच्या दोन्ही पिनांची डोकी एकाच बाजूने ग्राइंडरने पट्टीच्या पातळीला आणा. थांबत थांबत घासा, पट्टी निळी पडू देऊ नका.

३. चेन ब्रेकरने दोन्ही पिना थोड्या थोड्या, आळीपाळीने ढकला. एकच पूर्ण ढकलली तर पट्टी वाकते आणि शेजारच्या आतल्या कडीचा बुश (पिनभोवतीची नळी) हलतो.

४. पंच वापरायचा असेल तर खाली भोक असलेला ठोकळा हवा, आणि आधार पट्टीला द्या, रोलरला नाही.

गॅसने चेन कापू नका. पिन, बुश आणि पट्ट्या उष्णतेने कमावलेल्या असतात. आच लागली की आसपासच्या कड्यांची ताकद जाते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. काढलेली पिन पुन्हा ठोकून बसवणंही तितकंच चुकीचं: भोक मोठं झालेलं असतं.

सावधान, जुनी चेन मोजून नवी घेताना: जुनी चेन टेपने मोजून पिचने भागू नका. तीच ९२ कड्यांची चेन दोन टक्के लांबली की टेपवर १४९० मिमी दिसते. १५.८७५ ने भागलं की ९३.८. तुम्ही ९४ आणता आणि नवी चेन पहिल्या दिवसापासून लोंबते. जुन्या चेनच्या कड्या मोजा. आणि जुनी चेन मुळात बरोबर होती का, याचा ताळा टप्पा ४ ते ६ ने घ्या.

टप्पा ८: जोडणी

आधी स्प्रॉकेट एका रेषेत आणा. सरळ पट्टी मोठ्या स्प्रॉकेटच्या बाजूला टेकवा, ती लहानाच्याही बाजूला सगळीकडे टेकली पाहिजे. मग मोटर आत घ्या, चेन चढवा आणि दोन्ही टोकं मोठ्या स्प्रॉकेटवर आणा. तिथे दात टोकांना धरून ठेवतात आणि लॉक सहज जातं.

लॉकची पिना असलेली बाजू मागून घाला, पट्टी पुढून, मग क्लिप. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला, उघडं टोक मागे. उलटी लावली आणि गार्डला कुठे घासली तर क्लिप उडते. मोटर दोन्ही दिशांनी फिरत असेल किंवा वेग जास्त असेल तर क्लिपच्या जागी रिव्हेट करायचं किंवा कॉटर पिनचं लॉक घ्या.

लॉक हाताने ओढून बसत नसेल तर तिथेच थांबा. ताणून बसवू नका. कड्या कमी आहेत किंवा मोटर पूर्ण आत गेलेली नाही, यांपैकी एक नक्की आहे.

टप्पा ९: झोल (चेनचा ढिलेपणा) लावा

मोटर बाहेर सरकवत गणितातल्या सेंटरजवळ, म्हणजे ५०९ च्या आसपास, आणा. आता एका स्प्रॉकेटला हाताने फिरवून चेनची एक बाजू ताणा आणि दुसऱ्या, ढिल्या बाजूच्या मध्यावर चेन वर-खाली हलवा. आडव्या ड्राइव्हला ही एकूण हालचाल सेंटरच्या चार टक्क्यांच्या आसपास हवी. इथे सुमारे २० मिमी. ड्राइव्ह उभा असेल, झटके बसत असतील किंवा मोटर उलटसुलट फिरत असेल तर दोन टक्के, म्हणजे १० मिमी.

हा झोल लावायला घाई करू नका. घट्ट चेन आणि २० मिमी झोल यांत मोटरच्या जागेचा फरक फक्त पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. हातोड्याने बेस ठोकत हे साधणं नशिबावर राहतं. बेसच्या मागे ढकलणारा बोल्ट आणि चेक नट लावून घ्या, बोल्ट पाव पाव फेरा फिरवा, प्रत्येक वेळी झोल बघा.

चेन एकाच जागी तपासून बोल्ट आवळू नका. मोठं स्प्रॉकेट पाव पाव फेरा फिरवून चार जागी बघा. स्प्रॉकेट शाफ्टवर थोडं वाकडं बसलेलं असतं तेव्हा एका जागी झोल २५ दिसतो आणि दुसऱ्या जागी ५. अशा वेळी सगळ्यात घट्ट जागेवर झोल लावायचा.

आडव्या ड्राइव्हमध्ये ढिली बाजू खाली ठेवा. वर ठेवली तर चेन लोंबून तळाच्या बाजूला लागते. नवी चेन सुरुवातीला जरा जास्त लांबते, म्हणून पहिल्या आठवड्यात एकदा झोल पुन्हा बघा.

दात बदलले तर

वेग बदलायला बरेच जण एकच स्प्रॉकेट बदलतात आणि चेन तीच ठेवतात. अंदाज सोपा आहे: चार दात वाढले की साधारण दोन कड्या वाढतात. दोनच दात वाढले तर चेन तीच चालू शकते, पण मोटर साधारण अर्ध्या पिचने आत जाते. आपल्या उदाहरणात ३८ चं ४० केलं आणि चेन ९२ च ठेवली, तर सेंटर ५०९.२ वरून ५००.७ होतं, साडेआठ मिमी आत. स्लॉट परवानगी देतो, म्हणून चालेल. मोटरसायकलवर ४२८ नंबरची चेन आणि मागे दोन दात जास्त असं केलं की मागचं चाक सहा-सात मिमी पुढे येतं. ॲडजस्टरला तेवढी जागा आहे का हे आधी बघा.

मोटर सरकतच नसेल तर

दोन्ही शाफ्ट पक्के असतील तर नव्या मशीनमध्ये उत्तर सोपं आहे: भोकं पाडण्याआधी कड्या ठरवा, टप्पा ६ चं सेंटर काढा आणि त्या मापाला भोकं पाडा. ५०० हा गोल आकडा ड्रॉइंगवर छान दिसतो, पण १७ आणि ३८ दातांना तिथे सम कड्यांची चेनच नाही.

भोकं आधीच पडली असतील तर आयडलर स्प्रॉकेट लावा. ते ढिल्या बाजूला असावं आणि त्याचे निदान तीन दात चेनमध्ये गुंतलेले असावेत. आयडलरमुळे चेनचा मार्ग बदलतो, म्हणून वरचं सूत्र थेट लागू होत नाही. प्लायवूडवर किंवा कॅडमध्ये पिच वर्तुळं खऱ्या मापात काढा, त्यांवरून जाणाऱ्या मार्गाची लांबी मोजा, पिचने भागा आणि पुढच्या सम संख्येवर जा.

‘दोन कड्या काढून टाक’

चेन लांबून स्लॉट संपला की हा सल्ला हमखास मिळतो. ९२ कड्यांच्या चेनमधून दोन कड्या काढता येण्याइतकी ती लांबली असेल, तर ती २.१७ टक्के लांबलेली आहे. एवढ्या लांबीवर प्रत्येक पिन आणि बुश झिजलेले असतात आणि रोलर दाताच्या टोकाकडे चढायला लागतो. दोन कड्या काढून लांबी जुळते, पिच जुळत नाही. नंतर जे झिजतं ते स्प्रॉकेट. १.५ ते २ टक्क्यांवर चेन बदलायची. १०बी च्या २० पिच नव्या असताना ३१७.५ मिमी भरतात. ३२२ च्या वर गेल्या की नवी चेन मागवा, ३२४ ला उतरवाच. मोजताना चेन ताणलेली हवी आणि जागा निदान तीन वेगवेगळ्या, लॉकपासून लांब.

काम संपलं की गार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा: १०बी, १७/३८, लॉकसह ९२ कड्या, सेंटर ५०९, झोल २०, आणि चेन बसवल्याची तारीख. पुढची चेन बहुधा रात्रपाळीत, तुम्ही नसताना तुटेल.